चौऱ्याऐंशी खण

माझ्या सासऱ्यांनी चौऱ्याऐंशी जणांचं बारसं एकट्याने केलं होतं. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, कानात कुर्र करायला आत्या नव्हती, पण नाव मात्र प्रत्येकाला वेगळं. सोमसात, सोमआठ, सोमनऊ असं करत करत थेट रविसहापर्यंत. हे चौऱ्याऐंशी जण म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, एका फॉर्ममध्ये रांगेने मांडलेले पांढरे चौकोन. आम्ही प्रोग्रॅमवाले त्यांना टेक्स्टबॉक्स म्हणतो. सासरे खण म्हणायचे.

ही गोष्ट मी हळदीकुंकवापासून ऑफिसच्या पार्ट्यांपर्यंत सगळीकडे सांगितली आहे. साभिनय. सासऱ्यांचा नाकाच्या शेंड्यावर उतरलेला चष्मा, क्लासच्या सरांचं पोट, सासूबाईंचा कपाळाला लागलेला हात, सगळं मी एकटी करते. लोक हसून हसून डोळे पुसतात. मग एका ठरावीक जागी मी थांबते. त्या दिवशी जिथे टाळ्या पडल्या होत्या, तिथे. टाळ्यांच्या नंतरचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण तिथून पुढे मला अभिनय जमत नाही.

सासरे मूळचे रत्नागिरीकडचे. सोळाव्या वर्षी मुंबईत आले आणि एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. लाकडी पेटीत शंभरेक खण, प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला, आणि हात न बघता त्या त्या खणात जायचा. अक्षरं उलटी असायची म्हणून हा माणूस आयुष्यभर उलटं वाचत आला. वर्तमानपत्र टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, दुसऱ्याच्या हातात असतानाही, ते आपल्याआधी वाचून संपवायचे. मग छापखान्यात संगणक आला, खिळे वजनावर भंगारात गेले आणि सासरे घरी आले.

घर म्हणजे भाईंदरच्या इंद्रलोकमधला आमचा एक हॉल आणि एक बेडरूम. चार वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. सोसायटीत येणारे पाण्याचे टँकर बघायचे. संध्याकाळी मी कामावरून आले की बातमी मिळायची, "आज तीन आले. तिसरा अर्धाच होता."

सासूबाई आतून म्हणायच्या, "त्या टँकरवाल्याने तुम्हाला एक हजेरीपुस्तक तेवढं आणून द्यायचं बाकी आहे."

ते हसायचे. पण त्यांचा इस्त्रीचा शर्ट चार वर्षं कपाटात टांगलेला होता, आणि तो घालून दाराबाहेर पडायला त्यांना एक कारण हवं होतं. पगाराची निकड नव्हती, माझा आणि नवऱ्याचा पगार पुरायचा. हवी होती एक खुर्ची, जिथे ते आले नाहीत तर कुणाचं तरी अडेल.

मी तेव्हा जेसल पार्कमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये व्हिज्युअल बेसिक शिकवायची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बारावी झालेल्या प्रत्येकाला वाटायचं, आपण व्हीबी शिकलो की विमानात बसलो. एक दिवस मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, चला माझ्याबरोबर. रिकामा पीसी असतो दुपारच्या बॅचला."

"ह्या वयात? पोरं हसतील गं."

"हसू देत. मला रोज हसतात."

आले. छप्पन्न वर्षांचा माणूस पहिल्या बाकावर, वहीला खाकी कव्हर घालून. दोन आठवड्यांत कीबोर्ड बघायचा बंद केला. खणच ते, नुसती जागा बदललेली.

लूप, म्हणजे एकच हुकूम सगळ्यांवर फिरवणं, शिकवताना मी नाटक करायची. वर्गाला म्हणायची, "समजा मला सगळ्यांना उभं करायचंय. एकेकाचं नाव घेऊन 'ऊठ बाळा, तू पण ऊठ, तू पण' करत बसू? की एकदाच सांगू, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे उठा?" आणि हात वर केला की सगळा वर्ग धडाधडा उभा. खुर्च्यांचा तो आवाज मला फार आवडायचा. त्या दिवशी सासरेही उभे राहिले, आणि उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "मॅडम," वर्गात ते मला मॅडमच म्हणायचे, "पण नाव घेऊन उठवलं तर कोण आलेला नाही ते कळतं. असं एकदम उठवलं तर कसं कळणार?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "बाबा, संगणकात कुणी दांडी मारत नाही." वर्ग आणखी हसला. टाळी मिळाली की मला पुढचं ऐकू येत नाही, हा माझा जुना दोष.

व्हीबीमध्ये एक गंमत होती. फॉर्मवर एक टेक्स्टबॉक्स काढायचा, त्याची नक्कल करून शेजारी चिकटवायची, की तो प्रोग्रॅम विचारायचा: ह्या नावाचा एक आधीच आहे, दोघांची मिळून एकच रांग करू का? 'हो' म्हटलं की सगळ्यांना एकच नाव आणि पुढे नुसते आकडे. मग लूप लावणं म्हणजे खेळ. मी मुलांना दामटून 'हो' म्हणायला लावायची. सासरे दर वेळी 'नाही' दाबायचे.

"बाबा, का?"

"अगं, क आणि ख एका खणात टाकले तर छापणार काय?"

"पण हे सगळे क-च आहेत ना!"

"आत्ता रिकामे आहेत म्हणून तुला एकसारखे दिसतायत," ते म्हणाले आणि नवं नाव टंकायला लागले.

सहा महिन्यांत त्यांना काम मिळालं. आमच्या क्लासपासून दोन गल्ल्या सोडून एक कोचिंग क्लास होता, दहावी-बारावीचा. मालक गुजराती, सगळे त्यांना सर म्हणत. पोट पुढे, मागून हसू, मन मोठं. नोट्स टाइप करायला त्यांनी सासऱ्यांना ठेवलं. पहिल्या दिवशी कपाटातला शर्ट बाहेर आला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि आम्हाला मात्र सांगितलं, "बरं झालं, माझी खिडकी मोकळी झाली."

त्या क्लासचं वेळापत्रक एका पांढऱ्या फळ्यावर असायचं. सकाळी सात ते संध्याकाळी सात, बारा तास, आठवड्याचे सात दिवस, दोन शाखा, आणि शिकवणारे नऊजण. रोज कुणीतरी फळ्याला टेकायचं आणि गुरुवारची केमिस्ट्री कुणाच्या तरी पाठीवर घरी जायची. सासरे म्हणाले, मी हे कॉम्प्युटरवर करून देतो. महिनाभर खपून त्यांनी तो फॉर्म केला. बारा आडव्या ओळी, सात उभ्या रांगा, चौऱ्याऐंशी खण. आणि उजव्या कडेला, दिवसागणिक एक, असे सात करड्या रंगाचे उभे खण. त्यांना ते समास म्हणायचे, वहीतला असतो तसा. छापखान्यात पानाच्या समासात सूचना लिहून यायच्या, तशा हे त्या समासात लिहायचे.

प्रोग्रॅम कसा लिहिला होता, ते सांगते आणि इथे लोक हसतात. सगळे खण पुसायचे असतील तर त्यांनी चौऱ्याऐंशी ओळी लिहिल्या होत्या. सोमसात रिकामा कर. सोमआठ रिकामा कर. सोमनऊ रिकामा कर. फाइलमधून भरायचे, आणखी चौऱ्याऐंशी. साठवायचे, आणखी चौऱ्याऐंशी. दुसऱ्या शाखेसाठी पुन्हा तेवढंच. सगळ्या ओळींतली बरोबरची चिन्हं एकाखाली एक, दोरी धरल्यासारखी. पानं छापून घेतली की सुंदर दिसायचं. मग तपासणी, खालून वर, उजवीकडून डावीकडे, कारण सुलट वाचताना डोळा फसतो म्हणे. सरांनी म्हणावं, काका, खण जरा पिवळे करा. की चौऱ्याऐंशी ठिकाणी पिवळा. काहीही बदल असो, उत्तर एकच, "परवा देतो." त्यांचा परवा म्हणजे तीन दिवस.

सासूबाई म्हणायच्या, "चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरल्यावर माणसाचा जन्म मिळतो म्हणतात. ह्यांना तो मिळाला, तर बसले पुन्हा चौऱ्याऐंशीच मोजत."

त्या तीन दिवसांत ते काय करायचे, ते मी कधी नीट पाहिलंच नाही. फॉर्म घेऊन ते स्टाफरूममध्ये जायचे. मंगळएकमध्ये केमिस्ट्रीच्या बाई, असं भरायच्या आधी बाईंना विचारायचे. बाई सांगायच्या, काका, मंगळवारी एकला नको हो, सासूला डायलिसिसला न्यायचं असतं. मग मंगळवारच्या समासात बारीक अक्षरात त्याची नोंद. गणिताच्या सरांचा शुक्रवारी नमाज. दहावीतल्या एका मुलीला शनिवारी संध्याकाळी उशीर नको, कारण ती वडिलांच्या गाडीवर वडापाव विकायला उभी राहते. हे कुणी सरांना सांगत नसे. काकांना सांगत. एकेक खण हातात घ्यायचा म्हणजे एकेका माणसाला भेटावं लागायचं, इतकी साधी गोष्ट होती ती.

एका रविवारी दुपारी ते घरच्या संगणकावर बसून कुठलीशी साठावी-सत्तरावी ओळ सरळ करत होते. मान अवघडलेली, एक हात खांद्यावर. मला राहवलं नाही. खरंच सांगते, मला त्यांची दया आली होती. पण दयेच्या जोडीला खाज पण होती. म्हटलं, "उठा बाबा, एक जादू दाखवते."

आणि दाखवली. पुसण्यासाठी एक लूप: ह्या फॉर्मवर जितके म्हणून टेक्स्टबॉक्स आहेत त्यांना एकेक करून गाठ आणि रिकामं कर. भरण्यासाठी दुसरा, आतबाहेर दोन लूपांचा: दिवसाचं नाव घे, त्याला तासाचं नाव जोड, त्या नावाचा खण शोध आणि भर. हे जमलं कशामुळे? तर त्यांनी नावं इतक्या शिस्तीत ठेवली होती म्हणून. एकही नाव वाकडं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या फॉर्मवर माझा लूप तोंडावर आपटला असता.

मी बटण दाबलं. सगळा आठवडा पांढरा झाला. दुसरं दाबलं, सगळा आठवडा भरला. पापणी लवायच्या आत.

ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "छान आहे."

"आहे ना? उद्या घेऊन जा फ्लॉपीवर."

"छान आहे," ते पुन्हा म्हणाले. "पण हे तुझ्यापाशीच ठेव, सूनबाई. मला माझं बरं आहे."

मला वाटलं, संकोच. सुनेची मदत घेतली असं वाटायला नको म्हणून. खरं काय ते त्यांच्या आवाजात अगदी स्पष्ट होतं, मी ऐकलं नाही. मी फ्लॉपी माझ्या पर्समध्ये टाकली आणि चहा ठेवायला गेले.

दोनच महिन्यांत सरांनी तिसरी शाखा काढली. काशीमीऱ्याला, हायवेच्या नाक्यावर, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. खाली ट्रकचं चाक बदललं जातंय आणि वर पायथागोरस. उद्घाटनाला सत्यनारायण होता. काकांच्या घरची म्हणून सासूबाईंना आणि मला आमंत्रण. मी जरीची साडी नेसले होते, हे सांगते, कारण जरीची साडी असली की माझ्या अंगात येतं.

पूजा झाली, शिरा झाला. सर नवा संगणक सगळ्यांना दाखवत होते, तिन्ही शाखांच्या वेळापत्रकांसकट. शिक्षक होते, काही पालक होते, जागेचा मालक होता. तेवढ्यात फोन आला. बायोलॉजीच्या सरांना दुसरीकडे नोकरी लागली होती, सोमवारपासून येणार नव्हते. क्लासच्या सरांचा चेहरा पडला.

"काका, आता कसा? सोमवारपासून तिन्ही ब्रांचचा टाइमटेबल बदलायला लागणार. आजच्या आज पायजे."

सासरे चष्मा पुसत म्हणाले, "परवा देतो, सर. म्हणजे मंगळवारपर्यंत."

"अरे काका, मंगळवार! पोरं सोमवारी येणार ना!"

"दोघातिघांशी बोलावं लागेल. रविवारी पण बसतो मी."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. वीस वर्षं झाली, अजून मी त्या खोलीत उभी राहून स्वतःच्या तोंडावर हात ठेवते. पण समोर दहा-बारा माणसं, मधोमध नवा कोरा संगणक, अंगावर जर, आणि पर्समध्ये फ्लॉपी. मी म्हटलं, "अहो सर, मंगळवार कशाला? चार ओळींचं काम आहे!"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात उभं राहून प्रश्न विचारताना बघितलं होतं, तसं.

मी फ्लॉपी घातली. पदर खोचला. "बघा हं," म्हटलं, "हा तुमचा जुना आठवडा." बटण. "गेला!" सगळे पांढरे. बाया 'अगंबाई' म्हणाल्या. बायोलॉजीचं नाव काढून दुसरं टाकलं, फाइल भरली. बटण. "आणि हा आला नवा!" मग साठवण्याचं बटण. "झालं. एक शाखा." आणि दोनदा तेच. खाली एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला, तो सुद्धा माझ्यासाठीच दिल्यासारखा वाटला. टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. मी वाकून नमस्कार केला.

पार्ट्यांमध्ये मी इथे थांबते.

टाळ्या संपल्यावर सर हसत हसत सासऱ्यांकडे वळले. त्या माणसाच्या मनात विष नव्हतं, हे मी आजही सांगेन. नुसतं कुतूहल होतं. म्हणाले, "काका, ए तर दोन मिनिटाचा काम हाय. मग तुमी तीन-तीन दिवस काय करत होते?"

खोलीत दोघंतिघं हसली. केमिस्ट्रीच्या बाई हसल्या नाहीत. सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "जुळवत होतो."

रिक्षाने परत निघालो. सासूबाईंच्या मांडीवर प्रसादाचा द्रोण होता, त्यावर त्यांनी पदर धरला होता, आणि गोल्डन नेस्टचा चौक आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "शिऱ्यात साखर जास्त होती."

त्यानंतर महिनाभर ते जात राहिले. नोट्स टाइप करायला आता दुसरी मुलगी होती, वेळापत्रक सर स्वतःच बटण दाबून करत. सर येता-जाता म्हणायचे, "काका, आराम करा. पेपर वाचा." त्यांना वाटायचं, आपण लाड करतोय. सासरे खुर्चीत बसून पेपर वाचायचे, सुलट. मग एक दिवस शर्ट धुवायला टाकला आणि परत इस्त्रीला दिला नाही.

"अहो, शर्ट?" सासूबाईंनी विचारलं.

"राहू दे. घाई नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर खुर्ची खिडकीजवळ होती. टँकर किती आले ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या लूपात एक खोट होती, ती कळायला एवढे दिवस लागले. फॉर्मवरचे जितके म्हणून टेक्स्टबॉक्स असतील तितके सगळे पूस, असं मी लिहिलं होतं. समासही टेक्स्टबॉक्सच. मी बटण दाबलं तेव्हा चौऱ्याऐंशी खणांबरोबर ते सातही पांढरे, म्हणजे करडे, झाले. चौऱ्याऐंशी खण लूपाने परत भरले. समास भरायचं त्यात नव्हतंच. आणि मग मी ऐटीत साठवण्याचं बटण दाबलं. तिन्ही शाखांवर. फाइलमधले दोन वर्षांचे समास कोरे. कोण गैरहजर आहे ते कसं कळणार, असं ह्याच माणसाने मला भर वर्गात विचारलं होतं.

पहिले काही आठवडे जुन्या सवयीवर निभावलं. मग सरांनी तास हलवले. मंगळएकमध्ये केमिस्ट्रीच्या बाईंचा तास पडला. त्यांनी दोन मंगळवार कसेबसे काढले आणि तिसऱ्याला भर स्टाफरूममध्ये रडल्या. गणिताच्या सरांनी शुक्रवारी सरळ दांडी मारली. वडापावच्या गाडीवरच्या मुलीने क्लास सोडला. त्या मुलीचं मला नंतर कळलं.

सरांचा घरी फोन आला. "काका, जरा येऊन जा ना. सगळा गोंधळ झालाय."

ती सकाळ मला आठवते. सासूबाईंनी न सांगता शर्ट काढला, स्वतः इस्त्री केली, कॉलरवरून दोनदा फिरवली. सासऱ्यांनी दाढी केली, वहीला कव्हर घातलं. दारात चपला घालताना म्हणाले, "यायला उशीर होईल कदाचित." इतक्या खुशीत म्हणाले की मी ओट्यापाशी तोंड फिरवून उभी राहिले. मला वाटलं, वाचले मी. माझ्या हातून मोडलेलं आपसूक सांधलं जातंय.

अकराला गेले. बाराच्या आत परत. हातपाय धुतले, खुर्ची खिडकीपाशी न नेता संगणकापाशी आणली, आणि मला हाक मारली. माझी बॅच तीनला होती.

"बस. सरांनी सांगितलंय, समासातलं सगळं सूनबाईंना सांगा, त्या लूपात घालतील. म्हणजे पुन्हा पुन्हा कुणाला विचारायला नको."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मला पाठ आहे सगळं. सांगतो, तू घे."

मी बसले. उठले नाही, हे लिहून ठेवते. फ्लॉपी खिडकीबाहेर फेकता आली असती, सरांना फोन करता आला असता, सर, ह्याला माणूस लागतो, असं म्हणता आलं असतं. मी पदर खोचून कीबोर्ड पुढे ओढला.

आधी लूप दुरुस्त केला. एक अट घातली. सासरे मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "आता त्याला कसं कळणार, कुठले पुसायचे आणि कुठले सोडायचे?"

"नाव बघून, बाबा. नावात समास आला की सोडून देईल."

"म्हणजे नावं कामाला आली म्हणायची," ते म्हणाले आणि हसले.

मग सांगायला लागले. छापखान्यात मजकूर वाचून दाखवायचे त्या सुरात, विरामचिन्हांसकट. "सोमवार. दहा ते बारा इंग्रजीच्या बाई भाईंदर शाखेतच, स्वल्पविराम, काशीमीऱ्याला नको, कंसात, गुडघा, कंस पुरा, पूर्णविराम. मंगळवार. एक वाजता केमिस्ट्रीच्या बाई नको, पूर्णविराम. कारण लिहू नकोस. कारण तुझ्या माझ्यात राहू दे." कुठे अडखळले नाहीत. मी एक शब्द चुकीचा टंकला तर मागून लगेच, "तिसऱ्या ओळीत ण हवाय." माझ्या खांद्यावरून, माझ्या वेगाने, उलटं की सुलटं कोण जाणे, वाचत होते. आपल्या हाताने आपलं काम ते माझ्या हातात देत होते आणि त्यात एक काना सुद्धा कमी पडू नये अशी त्यांची धडपड चालली होती. सासूबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

शनिवारच्या समासात ती वडापाववाली मुलगी आली. "साडेपाचनंतर नको." मी टंकलं. ती तेव्हा क्लास सोडून गेलेली होती, आम्हाला दोघांना माहीत नव्हतं.

रविवारचा समास राहिला. ते थांबले.

"रविवारचं काय होतं, बाबा?"

"होतं एक," ते म्हणाले. "रविवारी काका येत नाहीत, काम असल्यास शनिवारीच सांगणे."

माझी बोटं कीबोर्डवर होती. मी 'रविवारी काका' इथपर्यंत टंकलं.

"ते खोड," ते म्हणाले. "उगीच जागा जाते."

मी खोडलं. मग त्यांच्या देखत बटण दाबलं. आठवडा पांढरा झाला, आठवडा भरला, समास जिथल्या तिथे राहिले. रविवारचा तेवढा कोरा.

"बरोबर चाललाय," सासरे म्हणाले आणि खुर्ची उचलून खिडकीपाशी घेऊन गेले.